बिरूची हजेरी

बिरूचा पटका मी बांधला.

सकाळची वेळ होती. तो आमच्या अंगणात उकिडवा बसला होता आणि मी त्याच्या मागे उभा राहून वेढे घालत होतो. पटका लाल, त्याच्या लग्नातला, वर्षातून एकदा बिरोबाच्या जत्रेला पेटीतून निघणारा. धनगराच्या पोटी जन्मून बिरूला कधी पटका बांधता आला नाही. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो, तर तो म्हणायचा, मेंढरं काय पटका बघून चरत नाहीत.

"शेमला जरा लांब सोड," तो म्हणाला.

"किती लांब?"

"मानकऱ्याचा असतो तेवढा. साहेबाला कळू दे, ह्यो बी कोनतरी हाय."

मी शेमला त्याच्या कमरेपर्यंत सोडला आणि शेवटचा वेढा गच्च आवळला. त्याची बायको कोंडाबाई लेकाला कडेवर घेऊन, कुडाला टेकून हे बघत होती. ती म्हणाली, "भावजी, नवरदेव कुठं चाललाय म्हनायचं?"

"सरकारच्या मांडवात," मी म्हणालो. तिला हसू आलं. बिरूही हसला, पण मान हलवली नाही, पटका बिघडेल म्हणून.

आमची वाडी माळावर. पाऊस कमी, कुसळं जास्त. बाहत्तरच्या दुष्काळानंतर दहा-एक वर्षांनी त्या माळावर पुठ्ठ्याचा कारखाना आला. शहरातून रद्दीचे गठ्ठे यायचे, हौदात त्यांचा लगदा व्हायचा, तो लगदा लोखंडी रुळांतून दाबून पुठ्ठा निघायचा. शहर सोडून कुणी शेठ आमच्या माळावर कशाला येईल, हे आम्हाला कळत नव्हतं. शहाणे म्हणून मॅनेजर होते, त्यांनी मला एकदा समजावलं. सरकारनं म्हटलंय, मागास तालुक्यात कारखाना काढा, तिथल्या साठ माणसांना काम द्या, आम्ही सात वर्षं विक्रीकर घेणार नाही. विक्रीकर काय असतो ते मला ठाऊक नव्हतं. माफी म्हणजे काय ते ठाऊक होतं. सरकारला आमच्या पोटाची काळजी आहे, एवढं त्यातून मी घेतलं आणि मला बरं वाटलं.

मी कारखान्याच्या फाटकावर वॉचमन होतो. खाकी कपडे मिळाले होते. महिन्याच्या महिन्याला मोकाशी नावाचा कारकून मला बोलवायचा आणि पुस्तक पुढं करायचा. मला अक्षर येत नव्हतं. तो माझा डावा अंगठा धरायचा, शाईवर दाबायचा आणि पुस्तकावर तीन-चार ठिकाणी टेकवायचा. एकदा विचारलं, इतके अंगठे कशाला? तो म्हणाला, "एक पगाराचा, एक हजेरीचा, एक कपड्यांचा. सरकारी काम आहे, धुळाप्पा. तू मोजत बसू नकोस." माझ्या त्या अंगठ्यावर एक आडवा व्रण आहे. तरुणपणी मेंढरं कातरताना कातर चुकली होती. मोकाशी गमतीनं म्हणायचा, तुझा अंगठा शंभरात ओळखू येईल.

खरी गोष्ट अशी की कारखान्यात रोज वीस माणसंसुद्धा नसायची. यंत्रावर शहरातून आणलेले दोन कारागीर होते, बाकी हमाल. बराच पुठ्ठा तर दुसरीकडून तयार होऊन यायचा आणि इथून फक्त पुढं जायचा. पण वर्षातून एकदा तपासणीचे साहेब यायचे. कारखाना चालतो का, माणसं इथलीच आहेत का, हे डोळ्यांनी बघायचे आणि कागदावर सही करायचे. ती सही झाली की पुढचं वर्ष माफ. त्या एका दिवसासाठी वाडीतली माणसं बोलवावी लागत आणि ती गोळा करणं माझं काम. एका दिवसाची मजुरी, दुपारचं जेवण. पहिल्या वर्षी माणसं मळक्या घोंगड्या पांघरून आली, म्हणून दुसऱ्या वर्षी शहाणेसाहेबांनी मला बजावलं, माणसं नीटनेटकी दिसली पाहिजेत.

मी वाडीत घरोघर फिरलो आणि सांगितलं, लग्नाला जाता तशी या.

हे माझे शब्द. दुसऱ्या कुणाचे नाहीत.

तर त्या दिवशी वाडी खरंच लग्नाला निघाल्यासारखी निघाली. धोतरं धुतलेली, पटके बांधलेले, बायांच्या अंगावर ठेवणीतली लुगडी. फाटकातून आत शिरताना शहाणेसाहेबांनी एकदा डोक्याला हात लावला, पण साहेबांची गाडी तासाभरात यायची होती. त्यांनी माणसं वाटून दिली. बाया रद्दी निवडायला, बहुतेक गडी बाहेरच्या पटांगणात गठ्ठ्यांपाशी. यंत्राच्या खोलीत एक तरी गावचा माणूस पाहिजे होता. शहाणेसाहेबांनी रांगेवर नजर टाकली आणि बिरूला निवडलं. उंच होता, छाती भरलेली, पटका ऐटदार.

बिरू माझ्याकडे बघून डोळा मिचकावून आत गेला.

मी यंत्राच्या खोलीच्या दाराशी उभा होतो. तिथून मला सगळं दिसत होतं. कारागिरांपैकी एकानं बिरूला कुठं उभं राहायचं ते दाखवलं आणि त्याच्या शेमल्याकडे बोट करून म्हणाला, मामा, ते टोक आत खोचा. ते दोघं स्वतः अर्ध्या चड्डीवर आणि बंडीवर असायचे, डोक्याला आवळून फडकं बांधलेलं. बिरूनं मुकाट्यानं शेमला कमरेला खोचला. यंत्र सुरू झालं. त्याचा आवाज असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे.

साहेब आले. वयानं मध्यम, चष्मा, हातात जाड पाकीट. चांगला माणूस असावा. बायांपाशी थांबून त्यांनी पाणी प्यायला मिळतं का, असं विचारल्याचं मला आठवतं. त्यांची चाहूल लागताच बिरूनं काय केलं, तर कमरेचा शेमला काढला, मानेवरून एक वेढा घेऊन तो छातीवर सोडला आणि हातानं सारखा केला. मी हे बघितलं. कारागीर पलीकडच्या बाजूला होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं. आणि मी काय केलं म्हणाल, तर मी हसलो. मला वाटलं, गडी मुलखाचा हौशी.

साहेब त्याच्यापुढं थांबले, त्याच्या कानाशी वाकून काही विचारलं. किती दिवस काम करतोस, असंच काही असेल. बिरूनं ठरवून दिल्याप्रमाणं दोन बोटं वर केली. दोन वर्षं. साहेबांनी मान डोलावली, पाकिटातून कागद काढून त्यावर खूण केली आणि ते दुसऱ्या दारानं ऑफिसकडे निघाले. शहाणेसाहेब त्यांच्या मागोमाग.

आमच्याकडे मोठा माणूस निघाला की त्याला वाकून रामराम घालायची रीत आहे. त्यानं बघितलं का नाही बघितलं, हा प्रश्न नसतो. बिरूनं पाठमोऱ्या साहेबांना कमरेतून वाकून रामराम घातला.

शेमल्याचं टोक रुळावर पडलं.

पुढचं मी सांगत नाही. मी हात पसरून धावलो, कारागिरानं कळ दाबली, रूळ थांबले. एवढ्याला माणूस तीनदा श्वास घेईल इतका वेळ लागला असेल. पटका सैल असता तर डोक्यावरून निघून गेला असता. पण तो मी बांधला होता आणि माझी गाठ सुटत नसे, असा माझा लौकिक होता.

ऑफिसात साहेबांचा चहा चालला होता. शहाणेसाहेब निरोप ऐकून आले, दारातच थबकले. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं. तो माणूस राक्षस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. ते खाली बसले, बिरूच्या छातीवर हात ठेवला. मग उठले ते दुसरेच होऊन उठले. कारागिरांना म्हणाले, मागच्या दारानं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "धुळाप्पा, साहेबांनी अजून सही केलेली नाही."

मी बिरूकडे बघितलं.

"सही झाली नाही तर शेठ उद्या कुलूप लावतील. तू, तुझी वाडी, सगळे परत मेंढरांमागे. आणि बिरू काय परत येणार आहे?"

मी म्हणालो, त्याच्या घरी काय सांगू?

"काम आटोपून लवकर घरी निघाला, रस्त्यावर ट्रकनं उडवलं. ट्रक थांबला नाही." मग माझ्याकडे नीट बघत हळूच म्हणाले, "त्याला असा पटका कुणी बांधून दिला रे?"

त्यांना माहीत नव्हतं. सहज विचारलं असेल. पण त्या एका प्रश्नानं माझी जीभ बांधली गेली. मागच्या दारानं बिरूला रस्त्याला नेताना पाय मी धरले होते.

साहेबांची गाडी गेल्यावर मी वाडीत गेलो. कोंडाबाई भाकरी थापत होती. मी सांगितलं ते तिनं ऐकलं. हाताला पीठ तसंच. रस्त्यापर्यंत आली, त्याच्याजवळ बसली, त्याच्या केसांवरून हात फिरवला. मग माझ्याकडे मान वर करून तिनं एकच विचारलं.

"भावजी, ह्यांचा पटका कुठं हाय?"

पटका रुळात होता. जेवढा निघाला तेवढा पुठ्ठा वाळवायच्या भट्टीत गेला होता. मी म्हणालो, "वाऱ्यानं उडाला असंल, वैनी. माळावर वारं किती असतंय."

पोलीसपाटलानं पंचनामा केला, ट्रकचा नंबर कुणाला ठाऊक नव्हता. कारखान्यानं माणुसकी म्हणून कोंडाबाईला दोन पोती ज्वारी आणि एक लुगडं दिलं. बिरू त्या दिवशी आमच्याकडे रोजंदारीवरसुद्धा नव्हता, असं शहाणेसाहेबांनी पाटलाला सांगितलं. वाडीनं त्याला आत जाताना बघितलं होतं, पण रोजगार जाईल म्हणून पाटलापुढं कुणी तोंड उघडलं नाही. कारागीर दुसऱ्याच दिवशी शहरात परत गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. वाडीत खरं जाणणारा मी एकटा उरलो.

आणि तेव्हापासून कोंडाबाई पटका शोधायला लागली.

मेंढरं घेऊन निघायची ती रस्त्याच्या कडेनं, बाभळी बघत. कुठं काट्यात चिंधी अडकलेली दिसली की काठीनं ओढून काढायची, बघायची, टाकून द्यायची. कारखान्याच्या फाटकासमोरून जायची. मी फाटकात उभा. ती विचारायची, "दिसला का वो कुठं?" मी मान हलवायचो. पहिल्या वर्षी लोक हळहळले, दुसऱ्या वर्षी म्हणाले डोकं फिरलं. डोकं तिचं ठिकाणावर होतं. तिनं मला एकदा सांगितलं होतं. आमच्यात माणसाला मातीत ठेवताना पटका संगं ठेवतात, हे बोडक्या डोक्यानं गेले, देवापुढं कसे उभे राहतील. पाच वर्षं ती मला रोज विचारत होती आणि पाच वर्षं मी रोज मान हलवत होतो. रविवारी कारखाना बंद असे, मला सुट्टी असे, तर रविवारी मी बाहेरच पडायचो नाही.

दरवर्षी साहेब येत राहिले. दरवर्षी मी वाडीत जाऊन माणसं आणली. आता सांगायचो, साधे कपडे घाला, डोक्याला काही नको. कुणी का म्हणून विचारलं नाही.

सात वर्षं संपली. माफी संपली त्याच महिन्यात चार ट्रक आले. सरकारनं म्हणे आणखी लांबच्या एका तालुक्यात तशीच सवलत काढली होती. शेठनं यंत्रं सुटी करून तिकडं न्यायला माणसं पाठवली. वाडीतले लोक फाटकाबाहेर उभे राहून बघत होते. ज्यांना खरंच रोजचं काम होतं त्या पंधरा-एक घरांतल्या बाया तोंडाला पदर लावून होत्या. शहाणेसाहेबांनी माझ्या हातात किल्ली दिली, पत्र्याची शेड सांभाळायला सांगितली आणि गाडीत बसताना माझ्या डोळ्याला डोळा दिला नाही.

रूळ उचलताना मी तिथं होतो. एका रुळाच्या टोकाशी, जिथं लोखंडाचं कडं बसतं, तिथं आतल्या बाजूला काहीतरी चिकटलेलं होतं. मिस्त्रीनं पेचकसानं ते खरवडून खाली टाकलं. वंगणानं काळं आणि कडक झालेलं, वीतभर लांब. मी उचललं, बोटानं चोळलं. खालून लाल निघालं.

ते मी खिशात ठेवलं. सांगायला गेलो मात्र नाही. तेव्हाही नाही.

त्या साली गावोगाव साक्षरतेचे वर्ग निघाले होते. आमच्या वाडीत बिरोबाच्या देवळाच्या पारावर वर्ग भरायचा, दुपारी. अंगणवाडीच्या बाई शिकवायच्या. मी तेव्हा पन्नाशीत. रिकाम्या शेडपुढं बसून दिवस जात नसे म्हणून गेलो, दुसरं काही कारण नव्हतं. अक्षरं मला मेंढरांसारखी ओळखू आली. एकेकाची ठेवण वेगळी. चार महिन्यांत माझं नाव लिहायला लागलो, सहा महिन्यांत दुकानावरच्या पाट्या वाचायला लागलो. बाई म्हणाल्या, आजोबा, दिसेल ते वाचत जा.

शेडमध्ये काय दिसणार? एका कोपऱ्यात शहरातून आलेली आणि लगदा न झालेली रद्दी पडली होती. तिच्यात ऑफिसचीही पुस्तकं टाकून गेले होते. मी एक जाड पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि उघडून बसलो. नावं होती. एकाखाली एक, साठ. मला आनंद झाला, नावं वाचणं सोपं असतं. बोट ठेवून ठेवून माझं नाव शोधलं. धुळाप्पा. पुढं माझा अंगठा, मधोमध आडवा व्रण. किती वेळ मी त्याकडे बघत होतो. मला वाटलं, मी होतो. मी इथं होतो हे लिहिलेलं आहे.

मग खालची ओळ वाचली. मायाप्पा. मायाप्पा तर पुण्याला गेलेला, कधी कारखान्यात पाय न टाकलेला. पुढं अंगठा होता. मधोमध आडवा व्रण.

त्याच्या खाली बिरू.

बिरूच्या नावापुढं महिन्याचे तीस रकाने होते आणि रविवार सोडून प्रत्येकात 'ह' लिहिलेला होता. हजर. पुढं अंगठा. मी तोंडाजवळ नेऊन बघितला. व्रण होता. पान उलटलं. पुढचा महिना, बिरू हजर, माझा अंगठा. दुसरं पुस्तक काढलं, तिसरं काढलं. तो ज्या महिन्यात गेला त्या महिन्यात हजर, त्याच्या दहाव्याला हजर, त्याच्या वर्षश्राद्धाला हजर. रविवार सोडून पाच वर्षं रोज हजर. साठातला एक कमी पडला असता तर माफी गेली असती, म्हणून कुणी त्याला मरू दिलं नव्हतं. पोलीसपाटलाच्या कागदात तो रस्त्यावर मेला होता आणि ह्या कागदात कामाला येत होता. आणि दर महिन्याला तो जिवंत असल्याची ग्वाही मी देत होतो, माझ्या हातानं.

त्या दिवशी दुपारी मी पुस्तक काखेत मारून कोंडाबाईच्या घरी गेलो. ती उंबऱ्यात लोकर पिंजत होती. मला बसायला तिनं घोंगडी टाकली. मी खिशातून ती चिंधी काढून तिच्यापुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. सकाळी पटका बांधला तिथपासून. लांब शेमला, गच्च गाठ, मी हसलो ते, रामराम, रूळ, मागचं दार, पाय धरले ते. एक शब्द गाळला नाही. सांगताना तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून पिंजलेल्या लोकरीकडे बघत होतो. तिचे हात थांबले नव्हते. तिनं चिंधीला हात लावला नाही.

बोलून झाल्यावर मी पुस्तक उघडलं. तिलाही अक्षर येत नव्हतं. मी बोट ठेवून दाखवलं, हे त्यांचं नाव, हा हजेरीचा ह, हा माझा अंगठा.

"वाचा," ती म्हणाली.

मी वाचायला लागलो. मला अजून अडखळत वाचता येत होतं. जानेवारी, बिरू, हजर, हजर, हजर. एक महिना वाचून थांबलो. ती म्हणाली, पुढं. मी पुढचा वाचला. असे किती महिने वाचले ठाऊक नाही. बाहेर मेंढरं पाण्यासाठी ओरडायला लागली, तरी ती उठली नाही. शेवटी माझा घसा बसला.

तेव्हा तिनं लोकर खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. काहीतरी खरंच समजून घ्यायचं असल्यासारखं.

"भावजी," ती म्हणाली, "सरकारदरबारी ते पाच वर्षं जित्ते हुते म्हनता. मग माझं कपाळ पाच वर्षं उघडं का हुतं?"

तिनं उत्तराची वाट बघितली नाही. चिंधी उचलली, पदराच्या टोकात बांधली आणि मेंढरांना पाणी पाजायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी फाटकापाशी उभा होतो. तिची मेंढरं आली, तिची काठी आली. ती रस्त्याच्या मधून चालत होती. बाभळींकडे तिनं बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. त्यानंतर ती बावीस वर्षं जगली आणि माझ्याशी एक शब्द बोलली नाही. ती गेली तेव्हा तिच्या लेकानं ती चिंधी बिरूच्या जागेवर माती उकरून पुरली. मला कुणी बोलावलं नव्हतं. मी लांबून बघितलं.

पुस्तक घेऊन मी तालुक्याला गेलो होतो, हेही सांगून टाकतो. तिथल्या माणसानं पानं चाळली आणि म्हणाला, कारखाना बंद झाला, माफीची मुदत संपली, आता ह्याचं काय करायचं? मग म्हणाला, आजोबा, अंगठा तर तुमचाच आहे.

आता मी ऐंशीच्या पुढं आहे. पेन्शनच्या कागदावर, रेशनच्या पुस्तकावर सही करतो. पोरं शाईची डबी पुढं करतात, मी ती बाजूला सारून पेन मागतो. सही करायला मला वेळ लागतो, मागची माणसं कुरकुरतात. कुरकुरू देत. सही करण्याआधी मी खालच्या ओळीत कुणाचं नाव आहे ते वाचतो. मग वरच्या ओळीतलं. आणि तो माणूस जिवंत आहे का, हे समोरच्याला विचारतो.